अमीबाचे पेशीद्रव्य नुसता वाहता रस नव्हे

अमीबा या एकपेशीय जीवाच्या आत केवळ पातळ रस असतो आणि जीव सरकेल तिकडे तो ओघळत जातो, हे मत अर्धेच बरोबर आहे. ओघ खरा आहे, परंतु पेशीच्या आतले हे द्रव्य, म्हणजे पेशीद्रव्य, एकजिनसी नाही. पेशीपटलालगतचा घट्टसर थर आणि त्याच्या आतला कणयुक्त, प्रवाही भाग या परस्परांत बदलणाऱ्या अवस्था आहेत. छद्मपादाच्या (सरकण्यासाठी पुढे काढलेल्या तात्पुरत्या फुगवट्याच्या) टोकाशी पोहोचलेले प्रवाही द्रव्य कडेला वळून घट्ट होते आणि मागील बाजूस तोच थर पुन्हा पातळ होऊन प्रवाहात मिसळतो. ॲक्टिन प्रथिनाचे तंतू एकमेकांना जोडले गेले की त्यांचे जाळे ताठरते, सुटले की सैलावते, आणि मायोसिन या दुसऱ्या प्रथिनामुळे ते आकुंचनही पावते. रेटा मागून मिळतो की ओढ पुढून, यावर मात्र अभ्यासकांनी दीर्घकाळ वाद घातला आहे.

पेशीद्रव्याच्या अशा वाहण्याचे, माझ्या मते अमीबाहूनही बोलके, उदाहरण फायसॅरम या पिवळ्या श्लेष्मकवकाचे आहे (इंग्रजीत स्लाइम मोल्ड; नावात कवक, म्हणजे बुरशी, असले तरी ते खरे कवक नव्हे). त्याचे तळहाताएवढे पसरलेले जाळेदेखील असंख्य केंद्रके असलेली एकच पेशी असते. तिच्या शिरांमधून पेशीद्रव्य सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर इतक्या वेगानेही वाहू शकते, आणि मिनिट-दोन मिनिटांनी प्रवाह थबकून उलट दिशेने सुरू होतो. साध्या भिंगातूनही ही ये-जा दिसते.