पाणी गोठणं उष्मादायी कसं काय??

प्रश्न: उष्माग्राही (उष्णता आत घेणारी) आणि उष्मादायी (उष्णता बाहेर सोडणारी) प्रक्रिया यात कायम घोळ होतो माझा. परीक्षानळी गार लागली तर उष्णता बाहेर गेली म्हणून गार झाली ना, मग आतली प्रक्रिया उष्माग्राही का? आणि पाणी गोठणं उष्मादायी म्हणतात ते तर डोक्यावरूनच जातं

उत्तर १: आधी सिस्टीम (म्हणजे ज्या पदार्थात बदल होतोय तो, बाकी सगळा परिसर) कोणती ते ठरव, निम्मा गुंता तिथेच सुटतो. नवसागर पाण्यात विरघळवला की त्याला लागणारी उष्णता तो त्याच पाण्यातून खेचतो, मग काचेतून, मग तुझ्या बोटांतून, म्हणून गार लागतं. आत घेतली म्हणजे उष्माग्राही. कॉस्टिक सोडा विरघळताना बरोब्बर उलटं, भांडं चटका बसेल इतकं तापतं (हात नको लावूस त्याला). गोठताना रेणू एकमेकांना घट्ट धरतात आणि मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक) साधारण 6 किलोज्यूल बाहेर सोडतात, फ्रीजर तीच उष्णता तर काढून घेत असतो.

उत्तर २: बंध तोडायला ऊर्जा लागते, जुळताना सुटते, उलटं अजिबात नाही!! हायड्रोजन आणि क्लोरीनपासून एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) बनतं ते बघ, दोघांचे बंध तोडायला 436 + 242 = 678 किलोज्यूल लागतात, दोन एचसीएल जुळताना 2 × 431 = 862 सुटतात, म्हणजे 184 किलोज्यूल बाहेर, उष्मादायी.

प्रश्नकर्ता: ओके सिस्टीमचं कळलं, पण मॅग्नेशियमची फीत पेटवायला आधी बर्नर लागतोच की, मग ती उष्माग्राही नाही का?

उत्तर १: नाही रे, तो नुसता सुरुवातीचा धक्का. बर्नर बाजूला घे, फीत जळत राहते ना? याउलट चुनखडी तापवून तिचं विघटन होतं ते उष्माग्राही, तिथली उष्णता काढ, विघटन थांबतं.