मदत हवी आहे: लघवीची पिशवी काढायचं ठरलंय, नसा वाचवतात का?

नमस्कार मंडळी, आयडी नवीन काढलाय, कारण समजून घ्या. वय ४८, सोलापूर. चादरीच्या कारखान्यात रंगखात्याला होतो आणि बिडी कॉलेजपासनं. लघवीतून रक्त गेलं, दुर्बिणीतून तुकडा काढला, कॅन्सर स्नायूपर्यंत गेलाय म्हणे. आधी केमो, मग पिशवी पूर्ण काढायची, सोबत प्रोस्टेट (पिशवीखालची पुरुषांची ग्रंथी) पण जाणार.

ते सगळं मान्य आहे, आधी जीव. पण ओपीडीत धीर करून विचारलं की डॉक्टर नंतर ते संबंधांचं कसं, तर वर न बघताच म्हणाले "मुलं झालीत ना दोन?" मिसेस शेजारी मांडीवर फाईल घेऊन बसलेली, तिनं फाईलची नाडी सोडली अन परत बांधली. रिक्षात सात रस्त्यापर्यंत दोघंबी गप.

नस वाचवून ऑपरेशन होतं असं ऐकलंय. कुणाचं झालंय का? आणि परत विचारायचं तर कुठल्या शब्दात?

जुना_भिडू: माझं होऊन तीन वर्षं झाली. ताठरपणाच्या नसा प्रोस्टेटला दोन्ही अंगानं चिकटून जातात, म्हणून तो काढताना त्यांना इजा होते. गाठ त्या बाजूला नसेल तर एका नाहीतर दोन्ही बाजूच्या ठेवता येतात, पण सगळ्यांनाच जमतं असं नाही. सरळ विचारा, नर्व्ह स्पेअरिंग, म्हणजे नसा वाचवून ऑपरेशन, करणार का, नसेल तर का नाही, आणि तुम्ही स्वतः किती केलीत. लाजू नका. माझी डावीकडची ठेवली, आठ-दहा महिने काहीच नाही मग हळूहळू, दीड-दोन वर्षं धरून चाला. ताठरपणासाठी सिल्डेनाफिलची गोळी, व्हॅक्यूम पंप, नाहीच जमलं तर इंजेक्शन. हार्टसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल अजिबात नको, जिवावर बेततं. वीर्य येणार नाही पण सुख येतं, त्याची नस वेगळी. अजून मूल हवं असेल तर केमोच्या आधीच वीर्य गोठवून ठेवा.

धागाकर्ता: लई आभार. मूल नको, तेवढं डॉक्टर बरोबर बोलले 😄 तुमचं उत्तर मिसेसला वाचायला दिलं, भाकरी थापत होती, पिठाच्या हातानंच मोबाईल घेतला. दोनदा वाचलं. म्हणाली मंगळवारी मी विचारते, तुम्ही नुसते बसा.