मदत हवी आहे : आजीच्या पोलक्यावरून बेतलेले नवे पोलके बगलेत फाटते

अमळनेरची लेक | रविवार, सकाळी १०.१५

नमस्कार. आजीचे जुने पोलके समोर ठेवून मी तसेच दुसरे शिवले आहे. अंगात नीट बसते, पण हात वर केला की बगलेत फाटते. आतापर्यंत दोन शिवली आणि दोन्हींची तीच गत झाली. दुसऱ्या वेळी मुंढा (बाही जोडायची बगलेची खाच) अर्धा इंच खोल केला, तर ते पहिल्यापेक्षाही लवकर गेले. आखाजी (अक्षय्य तृतीया) तीन आठवड्यांवर आली आहे. यंदा आम्ही चौघी बहिणी माहेरी जमणार आहोत आणि आजीच्या पद्धतीचे पोलके घालून झोक्यावर बसायचे माझ्या फार मनात आहे. आजीच्या पेटीत निघालेले कापड जेमतेम एका पोलक्यापुरते आहे, त्यामुळे त्याला कात्री लावण्याआधी चूक कळली पाहिजे. मशीन आजीचेच हातमशीन आहे. शिवणकाम मला येते, तेव्हा प्राथमिक गोष्टी न सांगता कोणीतरी नेमका उपाय सांगावा, ही विनंती.

नवशिवण, जळगाव | रविवार, सकाळी ११.०२

ताई, अर्ध्या इंचाने काही साधत नाही. माझ्याकडे बारा वर्षांपासून ब्लाउज शिवायला येतात. बाही ओढत असेल तर मी मुंढा चांगला एक इंच उतरवते आणि बाहीचा घेर वाढवते. त्याहून बरे म्हणजे जुन्या बेताचा आग्रहच सोडावा. पुढे दोन आणि पाठीला दोन टक्स (चिमट्या) घेऊन आजच्या पद्धतीचा ब्लाउज बेतावा, गळ्याला व बाहीला गोट लावावा, म्हणजे जुने रूप आपोआप येते.

भुसावळकर काका | रविवार, दुपारी १२.३०

हातमशीन कोणते, ते आपण लिहिलेले नाही. शटल होडीच्या आकाराचे आणि बॉबिन लांबट दांडीसारखी आहे, की गोल बॉबिन आहे? माझा अनुभव असा की जुन्या मशीनवरची शिवण उसवते, तेव्हा दहापैकी आठ वेळा दोष सुईचा असतो. सुईच्या ज्या अंगाला लांब खाच असते, त्या अंगाने दोरा ओवावा लागतो. सुई उलटी बसली तर टाके सुटतात आणि अशी शिवण ताण येताच उसवते. सुती कापडाला १४ नंबरची सुई आणि इंचाला दहा ते बारा टाके ठेवावेत. पॉलिएस्टरचा दोरा वापरत असाल तर तो आजच बंद करावा, कारण तो सुती कापडाला कापतो.

नवशिवण, जळगाव | रविवार, दुपारी १२.४८

काका, दोऱ्याबद्दलचे आपले मत मला मान्य नाही. मी सुरुवातीपासून पॉलिएस्टरचाच दोरा वापरते आणि दोऱ्याने कापड कापल्याची एकही तक्रार माझ्याकडे आलेली नाही. उलट बाजारातला सुती दोरा कधी जाड, कधी बारीक लागतो आणि मशीनवर मध्येच तुटतो.

मापपट्टी, धुळे | रविवार, दुपारी ३.१०

दोऱ्याचा निर्णय करण्याआधी एक गोष्ट कळायला हवी. दोरा तुटून शिवण उसवते, की शिवण शाबूत राहून तिच्या शेजारचे कापड फाटते? या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत.

शिवाय, पोलके कोणत्या बेताचे आहे? बाही फुग्याची की कोपरापर्यंत अंगाबरोबर? मुंढा गोल की सरळ? कुठे टक्स आहेत का? फाटलेली दोन्ही पोलकी कोणत्या कापडाची होती? मूळ पोलके उसवून माप घेतले, की वरच्यावर कागदावर ठेवून आखले? एवढे सांगितलेत तर उत्तर देता येईल.

अमळनेरची लेक | रविवार, रात्री ९.२०

पोलके म्हणजे आपल्याकडे म्हाताऱ्या बायका घालत तेच. पुढून उघडे, खाली गाठ, बाही कोपरापर्यंत घट्ट, टक्स कुठेच नाहीत. मुंढा सरळ आहे. उसवण्याचे धाडस मला झाले नाही, म्हणून कागदावर ठेवून आखले आणि शिवणीसाठी अर्धा इंच माया सोडली. फाटलेली दोन्ही पोलकी नव्या पॉपलिनची होती. दोरा तुटत नाही. शिवण शाबूत राहते आणि तिच्या कडेने कापड चिरत जाते. बॉबिन लांबट आहे, टाके व्यवस्थित पडतात, सुई सुलटी आहे.

पेटीतले कापड मात्र अजून कापलेले नाही. ते पेटीतच आजीच्या पितळी डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. त्याच्या किनारीला वारांचा (यार्डांचा) शिक्का आहे, पण गिरणीचे नाव पुसट झाले आहे. आमच्या गावात प्रताप मिल होती, म्हणून ते तिथलेच असावे असे आईला वाटते.

तापीकाठ | रविवार, रात्री ९.४५

ताई, त्या पितळी डब्याबद्दल सविस्तर लिहावे. झाकण फिरकीचे आहे की कडीचे? तळाशी नाव कोरलेले आहे का? मी गेली वीस वर्षे आपल्या भागातली जुनी भांडी जमवतो आहे. घंगाळ, बंब, कासंडी, पितळी तपेली असे पुष्कळ काही माझ्याकडे आहे. एक कळकळीची विनंती, डबा चकचकीत करण्याच्या नादात तो ब्रासोने घासू नये. चिंचेचे पाणी लावून लगेच धुवावा आणि कोरडा पुसावा. आत पदार्थ ठेवायचा असेल तर कल्हई करून घ्यावी. कल्हईवाल्याकडे नवसागर आणि शुद्ध कथील आहे ना, एवढी खात्री मात्र आधी करावी.

जुनी पेटी, नंदुरबार | रविवार, रात्री १०.३०

डब्याचे नंतर पाहता येईल, आधी ते कापड वर्तमानपत्रातून बाहेर काढा. त्या कागदातल्या आम्लाने घडीच्या जागी पिवळे पट्टे पडतात आणि सूत कुजते. धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.

शिक्क्यातल्या वारांवरून काळाचा थोडा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे १९५८ पासून मेट्रिक मापे लागू होऊ लागली, त्यामुळे वारांचा शिक्का असलेले कापड बहुधा त्याच्या आसपासचे किंवा त्याआधीचे असते. इतक्या जुन्या कापडाची ताकद आधी तपासली पाहिजे. किनारीतून एक उभा आणि एक आडवा धागा काढून बोटांवर ओढून पाहा. आडवा धागा सहज तुटत असेल तर ते पोलके अस्तराशिवाय टिकणार नाही. घडीच्या रेघाही उजेडासमोर धरून तपासा. जुने कापड आधी तिथेच विरते, म्हणून ती रेघ बाहीवर किंवा मुंढ्यावर येऊ देऊ नये.

मापपट्टी, धुळे | सोमवार, सकाळी ८.०५

शिवण शाबूत आणि कापड चिरलेले, म्हणजे मशीन, सुई, दोरा यांचा काही दोष नाही. बेतात कापड कमी पडते आहे. अशा घट्ट बाहीच्या आणि सरळ मुंढ्याच्या पोलक्यात बगलेखाली काही ना काही असलेच पाहिजे. मूळ पोलके उलटे करा आणि जिथे बाहीची शिवण व कुशीची शिवण मिळतात तिथे काय दिसते, ते सांगा.

नवशिवण, जळगाव | सोमवार, सकाळी ८.४०

बगलेत कमी पडते आहे, हेच तर मी म्हणत होते. मुंढा उतरवला की तिथे जागा होते.

मापपट्टी, धुळे | सोमवार, सकाळी ९.१५

ताई, आपल्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, मुंढा उतरवल्याने हात खाली असताना मोकळे वाटते, पण हात वर करताना नेमके उलटे होते. मुंढा जितका खाली, तितकी बाही अंगाला खाली जोडली जाते. मग हात उचलला की बाही पोलक्याची सबंध बाजू वर ओढते आणि सगळा ताण एका टोकावर येतो. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे दुसरे पोलके पहिल्याच्या आधी फाटले, त्याचे कारण हेच आहे. आजच्या ब्लाउजच्या गोल मुंढ्याला आणि चढ दिलेल्या बाहीला आपला उपाय काही प्रमाणात चालेल. सरळ मुंढ्याला तो लागू पडत नाही.

अमळनेरची लेक | सोमवार, दुपारी १.३०

आताच उलटे करून पाहिले. दोन्ही बगलांत ठिगळे आहेत. पोलके निळ्या बारीक फुलांचे आहे आणि ठिगळे साध्या तांबड्या कापडाची. उजवीकडच्यावर आणखी एक पांढरा तुकडा हाताने टाचलेला आहे. आजी ते रोज घालत असे, त्यामुळे तिथे विरून ठिगळे लावावी लागली असतील, असे समजून आखताना मी ती सोडून दिली. फाटलेला भाग नव्या पोलक्यात कशाला आणायचा, असा माझा विचार होता.

मापपट्टी, धुळे | सोमवार, दुपारी २.१०

ताई, आपले उत्तर तिथेच आहे. पांढरा तुकडा ठिगळ असेल, पण तांबडे तुकडे ठिगळ नाहीत. ती बगलेची कळी आहे. बाराबंदी आणि अंगरख्यात जो चौबगला घालत, तीच ही गोष्ट. माझे वडील पन्नास वर्षे शिवणकाम करत होते. गिऱ्हाईक जुने पोलके दुरुस्तीला आणून "ही ठिगळे काढा" म्हणाले की ते तुकड्यावर बोट ठेवून सांगत, "हाई ठिगय नही शे, याना जोरवर हात वर जास." कळी पुष्कळदा वेगळ्या रंगाची असे, कारण पोलक्याचे कापड मोजके घेतलेले असायचे आणि बगलेत दिसत नाही म्हणून शिंपी दुसऱ्या कपड्याचे उरलेले तुकडे तिथे वापरत.

आता तिचे काम कसे चालते, ते सांगतो. तुकडा चौकोनी असतो, पण बगलेत तो टोकावर उभा बसतो. दोन टोके मुंढ्याच्या शिवणीवर पुढे आणि मागे, एक टोक कुशीच्या शिवणीत खाली आणि एक बाहीच्या शिवणीत. हात वर केला की ताण कुशीपासून बाहीपर्यंत, म्हणजे चौकोनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जातो. चौकोन उभ्या-आडव्या धाग्यावर कापलेला असेल तर हा ताण बरोबर उरेबवर, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेवर, येतो आणि उरेब कापड लवचीक असते. म्हणून कळी स्वतः उरेब कापू नये, ही चूक पुष्कळजण करतात. अडीच इंचाच्या चौकोनाचा कर्ण साधारण साडेतीन इंच होतो. हात उचलताना तेवढे कापड बगलेखाली उलगडते आणि पोलके कमरेवरून वर सरकत नाही.

शिवून अडीच इंच हवे असेल तर चारही बाजूंना अर्धा इंच माया धरून साडेतीन इंचांचा चौकोन कापा. कुशीची आणि बाहीची शिवण मुंढ्यापासून अडीच-अडीच इंच उघडी ठेवा, कळी आधी कच्च्या टाक्याने बसवा आणि मग टीप मारा. मुंढा पहिल्या पोलक्याइतकाच ठेवा. आधी मांजरपाटाचा नमुना शिवून पाहा, पेटीतल्या कापडाला एवढ्यात हात लावू नका.

जुनी पेटी, नंदुरबार | सोमवार, दुपारी ३.००

वेगळ्या रंगाच्या कळीबद्दल आणखी एक सांगावेसे वाटते. दुसऱ्या महायुद्धात कापडाची फार टंचाई झाली आणि १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले. माझ्या संग्रहातल्या त्या काळच्या दोन पोलक्यांमध्ये बाहीसुद्धा दोन तुकडे जोडून केलेली आहे. आपल्या पोलक्यात आणखी कुठे जोड आहेत का, तेही पाहावे. जोड दिसला की तो फाटल्याची खूण समजू नये.

तापीकाठ | सोमवार, सायंकाळी ५.२०

त्या काळचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिलेच. नंदलाल बोसांनी तिथली सजावट केली होती. त्यानंतर आमच्या घरातल्या बायकांनी खादीशिवाय दुसरे पोलके अंगाला लावले नाही. पॉपलिनपेक्षा खादीचे पोलके शिवावे, असे मला मनापासून वाटते. डब्याचे छायाचित्र टाकता आले तर बरे होईल. विकायचा असल्यास योग्य किंमत देईन.

भुसावळकर काका | सोमवार, रात्री ८.१०

मापपट्टी यांचे निदान मला पटले. तरी कळीच्या शिवणीला सुती दोराच वापरावा, या मतावर मी ठाम आहे. बगलेत घाम आणि ताण दोन्ही असतात. तिथे दोरा कापडापेक्षा कणखर नसावा. कधी तुटायचे झालेच तर दोऱ्याने तुटावे, कारण शिवण पुन्हा मारता येते.

मापपट्टी, धुळे | सोमवार, रात्री ८.३५

काकांचे हे म्हणणे जुन्या कापडाच्या बाबतीत मीही मानतो.

अमळनेरची लेक | बुधवार, रात्री १०.४०

मांजरपाटाचा नमुना शिवला. दोन्ही हात सरळ डोक्यावर नेता आले आणि खालची गाठ जागची हलली नाही. मात्र डाव्या कळीच्या एका टोकाला, मुंढ्याच्या शिवणीवर, चुणी पडून बारीक भोक राहिले आहे. तीन वेळा उसवून पुन्हा शिवले, तरी तसेच होते.

मापपट्टी, धुळे | गुरुवार, सकाळी ७.५०

आपण टीप कापडाच्या कडेपर्यंत नेत असाल. कळीची प्रत्येक बाजू स्वतंत्र शिवा. टीप कडेपासून अर्धा इंच आत, म्हणजे मायेच्या रेघेवर सुरू करा आणि समोरच्या कोपऱ्याआधी तेवढ्याच अंतरावर थांबवा. चारही कोपऱ्यांवर आधी खडूने ठिपका द्या. ठिपक्यावर आल्यावर मशीनचे चाक हाताने फिरवून शेवटचे दोन टाके घ्या, उलट टीप मारू नका, दोऱ्याची टोके मागे काढून गाठ द्या. मुंढ्याची माया ठिपक्यापर्यंत कातरा, पण एक धागा आधीच थांबा. पुढे कातरले गेले तर भोक पडते, आपले तसेच झालेले दिसते. त्या जागी मागून नखाएवढा मलमलीचा तुकडा लावून घ्या.

नवशिवण, जळगाव | गुरुवार, सकाळी ९.३०

मी काल रात्री एका जुन्या मापाला कळी घालून पाहिली. सरळ मुंढ्याबद्दल माझे म्हणणे चुकले होते. माझ्याकडे येणाऱ्या दोन आजींची हात वर करताना हीच तक्रार आहे, त्यांच्या पोलक्यांना आता अशीच कळी घालते. लठ्ठ दंडाला अडीच इंच पुरेल का?

मापपट्टी, धुळे | गुरुवार, सकाळी १०.००

तीन इंच घ्यावे. त्याहून मोठी घेतली तर हात खाली असताना बगलेत कापडाचा बोळा होतो.

अमळनेरची लेक | शनिवार, सायंकाळी ६.१५

भोक गेले. पेटीतले कापड गार पाण्यात रात्रभर भिजवून सावलीत वाळवले आणि उभा-आडवा धागा ओढून पाहिला, दोन्ही मजबूत निघाले. घडीची एक रेघ विरलेली होती, ती पाठीच्या खाली दुमडीत घेतली. आज दुपारी बेतले. कळ्यांपुरते कापड उरले नाही, म्हणून घरातल्या तांबड्या पॉपलिनचे साडेतीन इंचांचे दोन चौकोन कापले. आजीच्या पोलक्यावरचा पांढरा तुकडा अजून तसाच टाचलेला आहे, तो काढणार नाही.

तापीकाठ दादा, डब्याचे झाकण कडीचे आहे आणि तळाशी आजीच्या सासूबाईंचे नाव कोरलेले आहे. तो विकायचा नाही.