पोथीतल्या हिरव्या रेघांवर कागद चिरतोय, खळ लावावी का?

कोकणदप्तर:
संग्रहालयात घोटलेल्या हातकागदावरची पोथी आहे. काळा मजकूर ठणठणीत, हिंगुळाचा लालही शाबूत. पण समासाच्या हिरव्या रेघांमागे कागद तपकिरी झालाय, समोरच्या पानावर तसाच छाप उठलाय आणि काही पानांत मजकुराचा चौकोन खिडकीसारखा सुटायला आलाय. गव्हाची खळ आणि जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) तयार आहे. पावसाळ्याआधी जोडून घेऊ का?

जुनाकागद:
खळ अजिबात नको. लक्षणं जंगालाची आहेत, म्हणजे तांब्यापासून केलेला हिरवा. त्यातलं तांबं कागदाचे तंतू तोडत राहतं. काळी शाई काजळाची, म्हणून ती कागदाला काही करत नाही. खळीत पाणीच जास्त. त्या पाण्याबरोबर तांबं रेघ सोडून शेजारच्या चांगल्या कागदात सरकतं आणि मग पट्टीच्या कडेला नवी चीर पडते.

पाण्याशिवाय जोडता येतं. क्लुसेल जी (सेल्युलोजपासून केलेली, इथेनॉलमध्ये विरघळणारी चिकट पूड) इथेनॉलमध्ये 3 टक्के विरघळवा (100 मिलीला 3 ग्रॅम, रात्रभर ठेवलं की गुठळ्या राहत नाहीत). पॉलिएस्टर फिल्मवर 5 ग्रॅम (दर चौरस मीटरला) वजनाचा टिश्यू पसरून त्यावर मऊ ब्रशने एक हात द्या, वाळू द्या, मग सोलून घ्या. चिरेपेक्षा दोन्हीकडे 2-3 मिमी जास्त रुंद पट्टी कापा. ती जागेवर ठेवून इथेनॉलने जेमतेम ओलावलेला ब्रश फिरवा, वर न विणलेलं पॉलिएस्टर, टिपकागद आणि छोटं वजन, 10 मिनिटं. जोड खळीइतका पक्का होत नाही. पण तो पुन्हा इथेनॉलनेच सुटतो, आणि पोथीला तेच हवं.

लाखबोळ:
वरच्या पद्धतीत एक धोका आहे. जुन्या शाईच्या कृतींत काजळाबरोबर टाकणखारात उकळलेली लाख येते, आणि लाख इथेनॉलमध्ये सुटते. आधी एखाद्या काना-मात्रेच्या टोकावर 000 नंबरच्या ब्रशने इथेनॉलचा ठिपका द्या, 10 सेकंदांनी टिपकागदाचा तुकडा दाबा, भिंगाखाली बघा. लाल, पिवळा, हिरवा प्रत्येकाची वेगळी चाचणी. पिवळा हरताळ असू शकतो, त्यात आर्सेनिक असतं, म्हणून हातमोजे आणि मास्क हवेतच.

कोकणदप्तर:
मजकूर पाठपोट आहे, पट्टीखाली अक्षरं जातील. आणि कागदातलं आम्ल मारायला चुन्याची निवळी चालेल का?

जुनाकागद:
5 ग्रॅमच्या टिश्यूखालून अक्षर स्वच्छ वाचता येतं. तरी पट्टी फक्त रेघेवर बसवा, ओळींवर नको. निवळी नको, ती पाणीच आहे, शिवाय क्षाराने जंगालाचा रंग बदलू शकतो. सध्या प्रत्येक पानामध्ये आम्लरहित पातळ कागद घाला, म्हणजे छाप पुढच्या पानावर उतरणार नाही. पान उचलताना हाताने धरू नका, खाली पुठ्ठा सरकवून पुठ्ठ्यासकट उचला. हाताने उचललं की तुटलेली चौकट हातात येते.

लाखबोळ:
आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांत स्थिर हवी, दमट हवेत तांब्याचा हा उपद्रव वाढतो. घट्ट झाकणाची पेटी, आत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक. लाल रुमालात बांधली असेल तर तो आत्ताच काढा, ओल लागली की त्याचा रंग पानांवर उतरतो. धुऊन खळ काढलेलं कोरं मांजरपाट वापरा.