मदत हवी आहे: तिसरीच्या वर्गासाठी सृष्टीच्या निर्मितीचा आठवडा

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याकडच्या एका ख्रिस्ती प्राथमिक शाळेत मी तिसरीला शिकवते. पुढच्या आठवड्यात बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय रोज एक दिवस असा घ्यायचा आहे, सोबत परिसर अभ्यास. सोमवारी उजेड, मंगळवारी आकाश, असं करत शनिवारच्या सकाळच्या शाळेत प्राणी आणि माणूस.

बुधवार सोपा आहे, जमीन आणि झाडं दाराशीच आहेत. शुक्रवारी मासे आणि पक्षी, तेव्हा मुलांना रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दाखवायला नेईन. बांगड्याच्या पाठीवरचे लांबीच्या दिशेने जाणारे काळपट पट्टे पोरांना हातात धरून बघू देत.

अडतंय ते गुरुवारी. सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी, मग पहिल्या दिवशी उजेड कुठून आला? हे मुलं विचारणारच, आणि "मोठे झालात की कळेल" असं सांगून त्यांना गप्प बसवणं मला पटत नाही. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं आहेत, त्यामुळे उत्तर प्रामाणिक हवं. तुम्ही वर्गात काय सांगता? भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, हे मच्छीमारांच्या मुलांना ठाऊकच असतं. तिथून चंद्राकडे जायचं ठरवलंय.

आणखी एक. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यातल्या निर्मितीच्या ओव्या कुणाकडे देवनागरीत आहेत का? आठ वर्षांच्या मुलांना म्हणता येतील अशा चार-पाच पुरेत. चाल माहीत असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, शनिवारपर्यंत मिळालं तर फार बरं होईल.