तांब्याची लाइन सोडून फॅक्स इंटरनेटवर न्यावा का?

कांदायुनिट_जळगाव:
रामराम मंडळी. कांदा सुकवून बाहेर पाठवायचं आमचं छोटं युनिट आहे. जपानचं गिऱ्हाईक ऑर्डर अजून फॅक्सनंच धाडतं, शिक्का मारून. गेल्या पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली नि आमचा नंबर १६ दिवस मुका राहिला. ऑर्डर आली की नाही, हेही कळेना. तेव्हा फॅक्स इंटरनेट सेवेवर घेतला. आलेला कागद पीडीएफ होऊन ईमेलात पडतो, मी सावद्याला शेतात असलो तरी मोबाइलवर वाचतो. थर्मल कागदाचा त्रासही गेला. आमच्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात कपाटातले जुने फॅक्स पार कोरे झालेत. ज्यांचा फॅक्स चालू आहे त्यांनी तांब्याची लाइन सोडावी, असं माझं ठाम मत आहे.

वकील_धुळे:
मला हे अजिबात पटत नाही. मशीन ‘ओके’ छापतं ते समोरच्या मशीननं पान मिळाल्याचं कळवल्यावर. इंटरनेट सेवेत ‘सेंट’ दिसतं तेव्हा कागद नुसता त्यांच्या सर्व्हरपर्यंत गेलेला असू शकतो. माझ्या एका पक्षकारानं करार मागे घेण्याचं पत्र शेवटच्या दिवशी संध्याकाळी असंच पाठवलं. पडद्यावर ‘सेंट’ आलं. समोरचा नंबर बिझी होता, कागद निघाला दुसऱ्या दिवशी सकाळी. मुदत गेली. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम १३ वाचा, तिथं पाठवणं आणि पोचणं वेगवेगळं धरलंय. शिवाय पक्षकाराचा कागद तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर पडून राहतो, ते वेगळंच.

केळी_रावेर:
अरे भो, फॅक्स लागतोच कशाला? आमचे केळीचे सौदे, गाडीचा नंबर, वजनाची पावती, सगळं व्हॉट्सॲपवर होतं.

कांदायुनिट_जळगाव:
@केळी_रावेर भाऊ, गिऱ्हाईक ज्या वाटेनं येतं त्या वाटेवर आपण उभं राहायचं. त्याला फॅक्स हवा, तर फॅक्स.

जुना_टेलिफोनवाला_भुसावळ:
नोकरी टेलिफोनातच गेली म्हणून बोलतो. तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. इंटरनेट फॅक्सच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत कागद आधी साठवतात, मग पुढे ढकलतात, टपालासारखं. त्याचं तांत्रिक मानक टी.३७. दुसरी टी.३८, तिच्यात दोन्ही मशीन त्याच क्षणी एकमेकांशी बोलतात आणि पानाची पोच समोरच्या मशीनकडूनच येते. दोन्ही मानकं १९९८ ची. वकीलसाहेबांचा अनुभव पहिल्या तऱ्हेचा आहे.

तिसरा प्रकार म्हणजे काही न बघता इंटरनेट फोनच्या डब्याला मशीन जोडणं. खरा घोळ तिथं होतो. बोलताना आवाजाचा बारीकसा तुकडा हरवला तरी कान सांभाळून घेतो, फॅक्सचा मोडेम, म्हणजे पानाचे सूर करून पाठवणारा भाग, घेत नाही. त्यात जी.७२९ कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करायची पद्धत, असेल तर ६४ किलोबिटचा आवाज ८ मध्ये कोंबला जातो. माणसाचं बोलणं कळतं, पण फॅक्सचे सूर पार बिघडतात. टी.३८ मध्ये सूर पाठवतच नाहीत. आपल्या बाजूचं गेटवे, म्हणजे फोन आणि इंटरनेट जोडणारं यंत्र, सुरातून माहिती काढून पाकिटांत, म्हणजे छोट्या तुकड्यांत भरतं, पाकिटासोबत आधीच्या पाकिटांची नक्कलही जोडतं, म्हणजे एखादं हरवलं तरी भरून निघतं. पलीकडे पुन्हा सूर तयार होतो.

वकील_धुळे:
माहिती पटली. तरी माझी साधी लाइन बरी. लाइट गेली तरी फोन चालतो.

कांदायुनिट_जळगाव:
वकीलसाहेब, फोन चालतो, कारण त्याला एक्स्चेंजच्या बॅटरीचा करंट मिळतो. फॅक्स मशीन तर भिंतीतल्या विजेवरच चालतं ना? मी राउटर इन्व्हर्टरवर घेतलाय.

जुना_टेलिफोनवाला_भुसावळ:
वकीलसाहेब, एक विचारतो. तुमची लाइन अजून तांब्याचीच आहे का? नंबर जुनाच ठेवून फायबर बसवलं असेल, आणि मशीनची वायर त्या नव्या डब्यात गेली असेल, तर तुमचा फॅक्सही आतून इंटरनेटच्या पाकिटांतूनच जातोय.

वकील_धुळे:
आत्ता उठून पाहिलं. डब्यातच आहे. मागच्या वर्षी बदललं होतं. तेव्हापासून लांबलचक दावे तिसऱ्या-चौथ्या पानावर तुटतात, मी मशीनला दोष देत होतो.

जुना_टेलिफोनवाला_भुसावळ:
मशीनचा वेग सेकंदाला १४४०० बिटवरून ९६०० वर आणा. आणि पुरवठादाराला नेमकं विचारा, टी.३८ चालू आहे का? ‘हो, फॅक्स जातो’ एवढ्यावर थांबू नका.

आरोग्यसेविका_नंदुरबार:
आमचं वेगळं आहे. धडगावकडे डोंगरात नेट येतं-जातं. तिथून कागद पाठवायचा तर साठवून ढकलणारी सेवाच बरी. रेंज आली की अपलोड करायचं, समोरचा नंबर बिझी असला तर ती सेवा पुन्हा पुन्हा लावत राहते. दोन्हीकडे त्याच क्षणी लाइन धरून ठेवणं आम्हाला जमत नाही.

वकील_धुळे:
ताई, तुमच्यासाठी ते बरोबर आहे. मुदतीच्या कागदाला मात्र मी ते वापरणार नाही. वेग आज रात्रीच बदलतो, उद्या १२ पानांचा दावा पाठवून बघतो. आणि नोटीस असली तर सोबत स्पीड पोस्टही करीनच.

कांदायुनिट_जळगाव:
मीही माझ्या सेवेला विचारतो, ‘सेंट’ म्हणजे समोरच्या मशीनची पोच की नुसता सर्व्हर. उत्तर आलं की इथंच टाकतो.