मदत हवी आहे : 'स्पायडर-व्हर्स'चा दुसरा भाग आईला झेपेल का?

नमस्कार मंडळी,

२०१८चा 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' हा अ‍ॅनिमेशनपट काल आईसोबत पाहिला आणि अजून डोक्यातून जात नाहीये. नवखा स्पायडर-मॅन झालेला पोरगा माइल्स इमारतीवरून उडी मारतो तो प्रसंग तर मी लगेच पुन्हा लावला. बोटं काचेला घट्ट चिकटलेली, उडी घेताना काचेचे तुकडे बोटांसोबतच निघून येतात. म्हणजे भीती गेलेली नाही, तरी पोरगा उडी घेतो! माझ्या मते अख्खा सिनेमा त्या काचेत आहे.

जंगलातल्या पळापळीत मुरलेला स्पायडर-मॅन पीटर सेकंदाला २४ चित्रांत हलतो आणि माइल्स १२ मध्ये, म्हणून तो अडखळल्यासारखा वाटतो. हे कळल्यावर तर मी थक्कच झाले.

आता अडचण. आईलाही गोष्ट फार आवडली, शेवटी डोळे पुसत होती. पण मागच्या दृश्यांत रंग एकमेकांवरून सरकलेले दिसतात ना, जुन्या कॉमिकच्या छपाईसारखे, त्याने तिचं डोकं दुखायला लागलं. आधी आम्हाला टीव्हीच बिघडलाय असं वाटलं.

२०२३चा दुसरा भाग जवळपास २ तास २० मिनिटांचा आहे. ज्यांनी पाहिलाय त्यांनी कृपया सांगा, त्यात रंगांचा आणि लखलखाटाचा मारा आणखी जास्त आहे का? दोन बैठकांत पाहायचा तर मध्ये कुठे थांबावं? गोष्ट अर्धवट सुटते हे माहीत आहे, त्याची तयारी आहे. फक्त तिला त्रास होऊ नये आणि माइल्सही सुटू नये, एवढंच हवंय.